खारपाणातले शिंपले

आमच्या वऱ्हाडात उन्हाळा येत नाही. तो इथे राहायलाच असतो, मधे थोडे दिवस बाहेरगावी जाऊन येतो एवढंच. आणि परतला की आधी दिसतात त्या घागरी. अमरावतीत आमच्या कॉलनीच्या वळणावर एक बाई दरवर्षी लाल घागरींचा ढीग मांडून बसते. परवा शाळेतून येताना गाडी थांबवली, एक घागर उचलली, बोटाने वाजवून पाहिली. बाई म्हणाली, "आखजीले पायजे ना ताई? एक देऊ का दोन?"

साधा धंद्याचा प्रश्न. पण आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे पितरांची असते. घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या नावाने नवी घागर पाण्याने भरायची, वर एक आंबा ठेवायचा, पान वाढायचं. एका माणसाची एक घागर. म्हणजे तुमच्या घरची गेलेली माणसं किती, असंच त्या बाईने मला भर रस्त्यात विचारलं होतं. मी घागर खाली ठेवली, "येते मग" म्हटलं आणि गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत मागच्या वर्षीचा वैशाख मानगुटीवर बसला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांचं मला परवडत नाही. मुलं विचारतात, "मॅडम, भूत असते का?" मी म्हणते, "असो नाहीतर नसो, पेपरात लिहिलंस तर शून्य मिळेल." मुलं हसतात, तास पुढे जातो. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते कोणाला पटवण्यासाठी नाही. मला ते मनात ठेवून जमत नाही म्हणून लिहिते.

माझं माहेर दर्यापूरच्या अलीकडे, पूर्णेच्या खोऱ्यात. अमरावती आणि अकोला यांच्या मधला हा सगळा पट्टा खारपाणाचा. विहीर खोदा, बोअर मारा, लागतं ते खारट पाणी. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. माठात भरलं तर चार दिवसांत माठाला बाहेरून मिठाचा पांढरा फुलोरा येतो. आता नळ आलेत, पण नळाची मर्जी. इथे कधीकाळी समुद्र होता, असं गावातले म्हातारे छातीठोक सांगत. माझा धाकटा भाऊ गजू हे ऐकून लहानपणी विहिरीच्या काठावर पोटावर पडायचा आणि आत बघत राहायचा. काय पाहतोस विचारलं तर म्हणायचा, "तो गेला कुठं, ते पाहून राह्यलो." आई त्याला पायाला धरून मागे ओढायची.

हाच गजू पुढे अकोल्यात हॉटेलचं शिकला आणि मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी झाला. ज्याला विहिरीवरून बादली आणायला सांगितली की पोटात दुखायचं, ते पोरगं पाण्यावरच राहायला गेलं. बाबांना त्याचा कोण अभिमान. बाबा गेले तेव्हा तो कुठल्याशा समुद्रात होता, दहाव्या-तेराव्याच्या दिवसांनाच पोचला. त्यानंतर घरात आई एकटी.

तो शेवटचा आला तोही वैशाखातच. मूर्तिजापूरला गाडीतून उतरला तो छातीशी थर्माकोलचा डबा घेऊन, जणू आत तान्हं मूल असावं. मी सुट्टीला माहेरी होते. डबा उघडला तर बर्फात गोल, पांढरे, पेढ्याएवढे लुसलुशीत तुकडे. स्कॅलप म्हणतात त्याला, एक जातीचा शिंपलाच, आतला मांसल भाग तेवढा खायचा. आई वाकून म्हणाली, "हे तं खोबऱ्याच्या वड्या दिसते." गजू म्हणाला की जिवंत असताना याला शिंपल्याच्या कडेने ओळीने डोळे असतात, निळे, बारीक मण्यांसारखे. तेवढ्या डोळ्यांनी तो समुद्राच्या तळाशी बसून बघत असतो. "काय बघते?" मी विचारलं. "कोन आलं ते," तो म्हणाला. मी हसले होते.

मग त्याने आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भर दुपार होती. वऱ्हाडातल्या भुतांना रात्र लागत नाही, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. वैशाखातली दुपार त्यांची. कुत्री नालीत जाऊन पडलेली, दारंखिडक्या लावलेल्या, रस्ता पांढरा, आणि कुठूनही कसला आवाज नाही. त्या वेळी बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. ओ दिली की ते आत येतं. कूलरच्या घरघरीत आम्ही तिघं आणि तो डबा.

"ताई, याले पयले कोरडं कर," गजू शिकवत होता. "आंगावर थेंब नाई पायजे. ओलं राह्यलं का उकडते, भाजत नाई." धुतलेल्या धोतराच्या तुकड्याने त्याने एकेक टिपून काढला. आईचा भाकरीचा बिडाचा तवा धूर निघेस्तोवर तापवला. तेलाचं बोट फिरवून एकेक तुकडा ठेवला, आणि तो चर्र आवाज झाला तसं माझा हात आपोआप उलथन्याकडे गेला. त्याने मनगटच धरलं. "हात नाई लावाचा. काईच नाई कराचं. फक्त पाहाचं." आम्ही पाहत राहिलो. कडा तांबूस झाल्या, त्याने पलटवले, वरून आईने सकाळीच काढलेल्या लोण्याचा गोळा सोडला. लोणी फेसाळलं, तडतडलं, बदामी झालं. लसणाच्या दोन पाकळ्या, शेवटी लिंबू. बस. तूप कढवतानाचा वास आमच्या घराला नवा नव्हता, पण त्याच्या खालून दुसरा एक वास येत होता, ओला, लांबचा, जो आमच्या घरात कधी आलाच नव्हता. शेजारच्या शांताकाकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय शिजून राह्यलं व माय? वास तं पावसाचा येऊन राह्यला!" वैशाखात.

मी खाल्ले, बोटं चाटून खाल्ले. आईने नाही खाल्लं. तिचा गुरुवार होता. गजूने ताटली तिच्या नाकापुढे नाचवली, हातापाया पडला, एवढ्या लांबून तुझ्यासाठी आणलं म्हणाला. आई हसत होती. "पुढच्या खेपेले खाईन रे बाबा. तू आला का नक्की खाईन. लवकर येजो."

पुढची खेप आली नाही. दिवाळीच्या आधी फोन आला की गजानन एका सकाळी कामावर आला नाही, खोलीत नाही, जहाजावर कुठेच नाही. शोधलं, मिळाला नाही. बेपत्ता, एवढा एकच शब्द आमच्या हाती आला, आणि तो शब्द घेऊन काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. रडायचं की थांबायचं? लोक भेटायला येत आणि दारात चपला काढाव्या की नाही याच घोटाळ्यात उभे राहत.

आईने मात्र ठरवून टाकलं. तो येणार. कारण तिने त्याला शब्द दिला होता, आणि तो शब्द अजून पुरा व्हायचा होता. आता हे तर्कात बसत नाही हे मलाही कळतं. पण तुम्ही वर्षानुवर्षं रोज तिच्या तोंडून ऐका, "म्या अजून खाल्लं कुठं?", मग तुम्हालाही त्यात काहीतरी नियमासारखं वाटू लागेल. दर आखजीला ती दोन घागरी आणायची. एक बाबांची, भरलेली. दुसरी रिकामी, कोपऱ्यात पालथी. भरायची तर नाही, आणि आणल्याशिवाय राहवायचं नाही.

दुसऱ्या वर्षी तिने मला ती पालथी घागर दाखवली. वैशाख सरत आला होता. घागरीला बाहेरून मिठाचा फुलोरा आला होता. "यात म्या थेंब नाई टाकला," आई म्हणाली. मी नखाने खरवडून जिभेवर ठेवलं. खारट. मी तिला सांगितलं की आपली जमीनच खारी, ओल वर चढते, मातीचं भांडं ती शोषून घेतं. अगदी वर्गात सांगते तसं सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मंग बाकीच्या मडक्याईले काहून नाई आलं?"

आणि तो वास. दर वर्षी, आखजीच्या आधीचे काही दिवस, दुपारी माझा फोन वाजायचा. मी शाळेत उत्तरपत्रिका तपासत असायची. "नंदा, आज आला." वास आला म्हणजे. गॅस बंद, चूल नाही, घरात लोणीच नाही, आणि स्वयंपाकघरात लोणी कढल्याचा वास. मी म्हणायची, शेजारी कोणी तूप कढवत असेल. "शांता तं लेकीकडे गेली अकोल्याले." मग दुसरं कोणी. "असन," आई म्हणायची आणि फोन ठेवायची. तिच्या आवाजात भीती नसायची, हेच मला भीतीदायक वाटायचं. पाहुणा वेशीपर्यंत आल्याचं कळावं तसा तिचा आवाज यायचा.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात आईला ऊन लागलं. अंगणात पडली होती, शांताकाकूंनी पाहिलं म्हणून वाचली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता यांना एकटं ठेवू नका, पुढचा उन्हाळा यांना झेपायचा नाही. मी तिला अमरावतीला चल म्हणून किती विनवलं. रागावले, अबोला धरला, रडलेसुद्धा. तिचं एकच. "घराले कुलूप लावून कशी येऊ व? तो आला तं दारातून परत जाईन ना." गेलेल्याची वाट बघता बघता असलेलं माणूस हातचं जाईल, हे मला लख्ख दिसत होतं. गजूला मी परत आणू शकत नव्हते. आई मात्र अजून होती.

म्हणून मागच्या वर्षी आखजीच्या तोंडावर मी ठरवलं. तिला शब्दातून मोकळं करायचं. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला स्कॅलप आणायला सांगितले. ती थर्माकोलचा डबा घेऊन रात्रभर ट्रॅव्हल्सने आली. "आई, कशासाठी?" तिने विचारलं. आजीला खाऊ घालायचे आहेत, एवढंच मी सांगितलं. आखजीच्या आदल्या दिवशी मी एकटीच गावी गेले. आईने डबा पाहिला, झाकण उघडून आत बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "उद्या नाई चालत. उद्या पितरायचा दिवस. कराचं तं आज कर."

आम्ही वशाट खाणारी माणसं, पण मटणाच्या पलीकडची अक्कल नाही. पातेल्यात तुकडे काढले, धुतले, आणि हाताने काय केलं हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मटण धुतलं की हळद-मीठ चोळायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. बोटं पिवळी झाली तेव्हा मला कळलं. मिठाने त्यांना पाणी सुटायला लागलं होतं. निम्मे तुकडे बिघडले. आई मागे येऊन उभी राहिली होती. त्या पिवळ्या तुकड्यांकडे पाहून म्हणाली, "गजूले नाई लागली हळद." त्याचं लग्न व्हायचं राहून गेलं होतं. मी तोंड फिरवून उरलेले तुकडे टिपायला लागले. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने एकेक टिपला, पुन्हा टिपला, तरी कापड ओलंच होत राहिलं.

दुपार भरात आली होती. कूलर चालू होता आणि मग वीज गेली. घर एकदम इतकं शांत झालं की गॅसची फुरफुर ऐकू यायला लागली. तवा धुरावला. मी तुकडे ठेवले. चर्र झालं. हात मागे घेऊन उभी राहिले. कडा तांबूस होईपर्यंत काही करायचं नाही, फक्त पाहायचं. पलटवले. लोणी सोडलं. फेस आला, तडतड सुरू झाली, आणि तो वास उठला, तोच. वरचा तुपाचा आणि त्याच्या खालचा तो लांबचा ओला. माझ्या पाठीवर घाम होता आणि दंडावर काटा आला होता.

तेव्हा अंगणातून हाक आली.

काय हाक आली ते मला सांगता येणार नाही. लोणी तडतडत असताना माणसाला काहीही ऐकू येऊ शकतं, हे मी शपथेवर सांगेन. मी मागे वळले नाही. तवा सोडून जाता येत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण खरं कारण तुम्हाला कळतंच आहे. मला लहानपणची ती शिकवण आठवली होती. पहिल्या हाकेला नाही. मी दात आवळून उभी राहिले.

आणि माझ्या मागून आईने ओ दिली. अगदी रोजच्यासारखी, थोडी लांबवून. "ओ... आली रे."

तिची पावलं दारापर्यंत गेली. कडी काढल्याचा आवाज आला. आत उन्हाचा पांढरा पट्टा माझ्या पायापर्यंत आला आणि तसाच राहिला. किती वेळ, माहीत नाही. लोणी बदामीच्या पुढे जात होतं. मी गॅस बंद केला, लिंबू पिळलं. मग कडी लागली. आई परत येऊन पाटावर बसली.

"कोण होतं?" मी विचारलं.

"गजू."

मला वाटलं होतं की ती हसेल, किंवा रडेल, किंवा मला हाताला धरून ओढत अंगणात नेईल. तिने तसं काहीच केलं नाही. पदराने हात पुसत राहिली. "ओलाचिंब हाये पोट्टं," ती म्हणाली. "वाढ मले."

मी ताटलीत वाढलं. लोणी थोडं करपलं होतं, कडा जास्त काळ्या झाल्या होत्या. गजूने नावं ठेवली असती. आईने एक तुकडा उचलला, उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. तिला फार दात नव्हते, पण त्याला दात लागतही नाहीत. "गोड हाये व," ती म्हणाली. तिला नवल वाटलं होतं. "मले वाटे खारट असन." तिने सगळे खाल्ले, एकही ठेवला नाही. ताटलीतलं लोणी बोटाने पुसून घेतलं. मी विचारलंसुद्धा, बाजूला थोडं काढून ठेवू का? "कायले?" ती म्हणाली. मग हात धुतले आणि जमिनीवर पदर टाकून आडवी झाली. पुष्कळ वर्षांनी तिला दुपारी झोप लागलेली मी पाहिली. मी उठून अंगणात गेले. सगळं कोरडं ठणठणीत होतं. ते तसंच असणार हे मला माहीत होतं, तरी पाहून घेतलं.

हवं ते झालं होतं. शब्द पुरा झाला, आई मोकळी झाली. आता पुढच्या गोष्टी ओघाने होतील, घराला कुलूप, अमरावतीची मागची खोली, तिच्यासाठी खाट, असलं सगळं मी त्या संध्याकाळी मनात मांडत होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. दोनतीनदा उठून मी कडी नीट लागली आहे का ते पाहून आले, आणि ती लावलेली बरी की उघडी बरी, हे मला ठरवता आलं नाही.

आखजीला सकाळीच आईने सारवून घेतलं. पळसाची पानं मांडली. चिंचवणी, कुरडया, आंब्याचा रस. बाबांची घागर पाटावर ठेवली, कळशीने नळाचं गोडं पाणी भरलं आणि बाबांचं नाव घेतलं. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नसेल, पण आखजीला घ्यावं लागतं, ज्याचं त्याचं नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही. मग ती कोपऱ्यात गेली. पालथी घागर तिने सुलटी केली, पदराने आतून पुसली, बाबांच्या घागरीशेजारी ठेवली. कळशी उचलली. धार घागरीत पडायला लागली आणि तिने तोंड उघडलं. "गजानन..."

मी तिचा हात धरला.

कधी उठले, कधी गेले, काही कळलं नाही. तिचं मनगट माझ्या मुठीत होतं, कळशी तिरपी झाली होती. माझ्या तोंडून निघालं, "नको आई. या वर्षी नको. एक वर्ष राहू दे." मी हे बोलले. डबा मी मागवला, तुकडे मी भाजले, तिला मोकळं करायला मी आले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की वाट आई पाहते आहे आणि मी फक्त तिला सांभाळते आहे. आईने माझ्याकडे पाहिलं. मला कधी ताप आला की पाहायची तसं पाहिलं.

"सोड हात," ती म्हणाली. "पानी सांडून राह्यलं."